झाकल्या मुठीतली बोटं

पत्र बरंच लांब होतं. ओळख पटेल असे तपशील काढून आणि थोडं कापून देते आहे.

"ताई, मी 44 वर्षांची आहे. मला आणि नवऱ्याला बऱ्या नोकऱ्या आहेत, घर स्वतःचं आहे. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई अजून हलाखीत आहे. हलाखी होती ती लहानपणी. वडिलांचं काम कधी असायचं, कधी नसायचं. आई घरी शिलाईची कामं घ्यायची. भाडं थकायचं. घरमालकांचा आवाज जिन्यात आला की आई मला दार उघडायला पाठवायची आणि स्वतः दारामागे भिंतीला चिकटून उभी राहायची. मी म्हणायचं, 'आई घरी नाही.'

मी आठ वर्षांची असेन. एकदा मालक खाली वाकले आणि अगदी मायेने म्हणाले, 'मग बाळा, घरात तुझ्याजवळ कोण आहे?' मी म्हटलं, 'कोणी नाही.' त्याच वेळी बिजागरीच्या फटीतून मला आईची पावलं दिसत होती. ती चवड्यांवर उभी होती. मालक गेल्यावर तिने मला जवळ घेतलं नाही, रागावलीही नाही. जाऊन मशीनवर बसली. मोठी माणसंसुद्धा घाबरतात हे मला त्या दिवशी कळलं. माझी निरागसता तिथेच संपली असं मला वाटतं.

शाळेच्या सहली मी घरी कधी सांगितल्याच नाहीत. बाईंना सांगायचे, मला गाडी लागते. सातवीपर्यंत अख्ख्या शाळेला माहीत होतं की मला गाडी लागते. ताई, मला गाडी लागत नाही. त्या वेळच्या मैत्रिणी आजही मला खिडकीजवळची जागा देतात.

आता मुद्द्यावर येते. माझा मुलगा 11 वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याचं दप्तर धुवायला काढलं, तर तळाशी सहलीचा कागद सापडला, चुरगळलेला. पालकांच्या सहीची जागा कोरी, तारीख उलटून गेलेली. विचारलं तर म्हणाला, 'मला नव्हतंच जायचं.' फार खोदल्यावर म्हणाला, 'तुला पैशांचं टेन्शन येतं ना.' आम्हाला पैशांचं टेन्शन नाही हो! मग हे त्याच्यात आलं कुठून?

मी वस्तूंवरून ओरडते, हे खरं आहे. कंपासपेटी तिसऱ्यांदा हरवली तेव्हा 'तुझ्या वयाची असताना मी' अशी सुरुवात करून अर्धा तास बोलले. साबणाची चकती उरली की नव्या वडीला चिकटवते. बेल वाजली की आधी टीव्हीचा आवाज बंद करते आणि दाराच्या भोकातून बघते. नवरा हसतो.

हे सगळं आईला सांगायला गेले. ती आता 71 वर्षांची आहे. ती म्हणाली, 'कसले दिवस नि कसलं काय! तुम्हाला कधी काही कमी पडलं नाही.' मी मालकांची आठवण काढली. तर म्हणाली, 'असं काही झालेलंच नाही, तुला स्वप्न पडलं असेल.' तेव्हापासून मी तिला फोन केलेला नाही. तिने एकदा, फक्त एकदा, कबूल करावं एवढंच मला हवंय. हे मागणं चूक आहे का? आणि मुलाला माझं लहानपण सांगू की नको? सांगितलं तर त्याच्यावर आणखी ओझं, नाही सांगितलं तर मी आईसारखीच.

– गाडी न लागणारी"

गाडी न लागणाऱ्या मैत्रिणी,

तुमची सही वाचून मी आधी हसले. मग लक्षात आलं, तिसरी-चौथीतल्या पोरीने ही थाप किती विचार करून निवडली असेल. "आई नको म्हणते" म्हटलं असतं तर बाई आईला भेटायला आल्या असत्या. "आम्हाला परवडत नाही" हे तर तोंडातून निघालंच नसतं. आजारी आहे म्हटलं तर ते एकाच सहलीला पुरतं. गाडी लागणं मात्र दर वर्षी चालतं, त्यात कोणाचा दोष नसतो आणि कोणी खात्री करून घ्यायला येत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलीने ही सगळी आकडेमोड केली होती. गणितात तुम्हाला किती मार्क मिळायचे ठाऊक नाही, पण हे गणित पैकीच्या पैकी होतं.

आणि तुम्ही एकट्या नव्हतात. ब्रिटनमध्ये टेस रिज या संशोधिकेने सरकारी मदतीवर चालणाऱ्या घरांतल्या 40 मुलांशी बसून गप्पा मारल्या. तिचं काम 2002 साली प्रसिद्ध झालं. गरिबीवर तोवर बहुतेक वेळा मोठ्यांनाच विचारत असत. हिने मुलांना विचारलं. तेव्हा दिसलं की पुष्कळ मुलं सहलीचा विषय घरी काढतच नव्हती. आईवडिलांना 'नाही' म्हणायची वेळ येऊ नये म्हणून मुलंच आधी स्वतःला 'नाही' म्हणून टाकत होती. घरात कोणी शिकवलं नव्हतं. आपण मुलांना सांभाळतो असं मोठ्यांना वाटत असतं, तेव्हा मुलंही गुपचूप मोठ्यांना सांभाळत असतात. तुम्ही आईला सांभाळलंत. तुमचा मुलगा तुम्हाला सांभाळतो आहे. 'हे आलं कुठून' या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. उरलेल्या अर्ध्याकडे येते, पण आधी तुमच्या एका शब्दावर माझा आक्षेप आहे.

तुम्ही लिहिलंय, निरागसता संपली. हा शब्द आपण भोळा, गोड, अजाण अशा अर्थाने वापरतो. पण त्याची फोड करून बघा. संस्कृतात 'आगस्' म्हणजे अपराध. निरागस म्हणजे ज्याच्याकडे अपराध नाही तो. आता त्या दारात उभ्या असलेल्या पोरीकडे बघा. खोटं ती बोलली, पण अपराध तिचा होता का? भाडं तिने थकवलं नव्हतं, लपायचं तिने ठरवलं नव्हतं. तिच्या वाट्याला फक्त वाक्य आलं होतं. त्या दिवशी तुमचं काहीतरी गेलं, यात शंका नाही. आई आहे म्हणजे सगळं ठीक आहे, हा भरवसा गेला. बेफिकिरी गेली. हे जाणं लहान नाही, आणि ते भरून निघतं असं खोटं मी सांगणार नाही. पण निरागसता गेली नाही. गेली असं धरून चाललात, तर छत्तीस वर्षांपूर्वीचा अपराध स्वतःच्या नावावर चढवल्यासारखं होईल. मला वाटतं, तुम्ही तो चढवून घेतलेलाच आहे. नाहीतर आईकडून 'कबूल' करून घ्यायची एवढी निकड का लागली असती?

आता थोडं माझ्याबद्दल. हे सदर चालवताना मी स्वतःविषयी फारसं सांगत नाही, पण या विषयात मी दुसऱ्या बाजूला होते आणि ते न सांगता सल्ला देणं बरं नाही.

आमच्याकडे काही कमी नव्हतं. चौथीत असताना आठवड्यातला एक दिवस आम्हाला गणवेशाला सुट्टी असायची. अशाच एका दिवशी वर्गातली एक मुलगी निळ्या फ्रॉकमध्ये आली. त्याच्या खिशावर पिवळं बदक भरलेलं होतं. ते बदक माझ्या मावशीने भरलं होतं आणि त्याचा एक डोळा चुकून मोठा झाला होता, म्हणून मी ते कुठेही ओळखलं असतं. मला लहान होऊ लागलेले कपडे आईने कोणाला तरी दिले होते आणि ते फिरत फिरत तिच्यापर्यंत गेले होते. मी ओरडले, "अय्या, हा माझा फ्रॉक!" देवाशपथ सांगते, मला फक्त आनंद झाला होता, जुनं बदक भेटल्याचा. तिने खिशावर तळहात ठेवला. आणि तो दिवसभर काढला नाही. उजव्या हाताने लिहीत होती, डावा हात बदकावर. वही सरकू लागली की कोपराने दाबून धरत होती. पुढच्या आठवड्यात सगळ्या मुली रंगीबेरंगी कपड्यांत आल्या आणि ती गणवेशात आली. त्यानंतर दर आठवड्याला ती गणवेशातच असायची.

मी आता साठी ओलांडली आहे आणि तो हात मला अजून दिसतो. तिची माफी मी कधी मागितली नाही. आधी कळलं नाही म्हणून, मग कळलं म्हणून.

हे सांगण्याचं कारण एवढंच की तो फ्रॉक सकाळी घरून निघताना चांगलाच होता. आवडीने घातला असेल तिने. वर्गात मी तोंड उघडलं त्या क्षणी तो लाजिरवाणा झाला. कापड तेच होतं. अभाव एकट्याला सोसता येतो, लहान मुलं तर तो आश्चर्य वाटेल इतका सहज सोसतात. लाजेला मात्र बघणारा लागतो. तुमच्या पत्रात बघा, घरात काय नव्हतं याची यादी तुम्ही कुठेच दिलेली नाही. आहेत ते सगळे बघणारे आहेत: वाकून विचारणारे मालक, बाई, मैत्रिणी.

ही गोष्ट अर्थशास्त्राच्या लोकांनाही जुनी आहे. ॲडम स्मिथने 1776 साली लिहून ठेवलंय की लिननचा सदरा ही काही जगण्याची गरज नव्हे, प्राचीन ग्रीक-रोमन लिननशिवाय सुखात राहिले. पण त्याच्या काळच्या युरोपातल्या साध्या मजुरालाही लिननचा सदरा अंगात नसताना चारचौघांत जायची लाज वाटे, म्हणून तो सदरा गरजेत धरायचा. पुढे 1983 साली अमर्त्य सेन यांनी हाच धागा धरून मांडलं की वस्तू देशकालाप्रमाणे बदलतात, पण लाज न वाटता लोकांत वावरता येणं ही गरज बदलत नाही. आणि रॉबर्ट वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्वे, ब्रिटन, चीन, दक्षिण कोरिया, पाकिस्तान, भारत आणि युगांडा अशा सात देशांत गरीब माणसांशी बोलून पाहिलं. या देशांत गरीब म्हणजे किती गरीब, यात जमीन-अस्मानाचा फरक. पण लाज सगळीकडे सापडली आणि तिच्यापायी माणसं करत होती तेही सारखंच: लपवणं, सगळं ठीक असल्याचं दाखवणं, लोकांत जायचं टाळणं. वॉकरांचं हे पुस्तक 2014 सालचं आहे. तुमची आई त्यांना भेटली असती तर तिने त्यांनाही सांगितलं असतं, आमच्याकडे काही कमी नाही.

आईकडेच येते आता.

"झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण आपण शहाणपणाची म्हणून वापरतो. असेलही. पण मूठ वर्षानुवर्षं झाकून ठेवायची तर आतली बोटं आखडतात, हे ती म्हण सांगत नाही. तुमच्या घराची मूठ आईने झाकली होती, आणि आतलं एक बोट तुम्ही होतात. तुम्हाला मुलगी म्हणून जेवढं बोलता आलं नाही, तेवढंच तिला आई म्हणून बोलता आलं नाही. मूठ झाकलेली ठेवणं हेच तिचं आयुष्यभराचं काम होतं. शिलाई त्या मानाने फावल्या वेळातली म्हणायची.

तिचं वाक्य पुन्हा वाचा. "तुम्हाला कधी काही कमी पडलं नाही." माहिती म्हणून वाचलं तर ते धडधडीत खोटं आहे. पण मला त्यात एक शब्द गळालेला दिसतो. तिला म्हणायचंय, कमी पडू दिलं नाही. तुम्ही लहानपणीच्या अभावाचा विषय काढलात तेव्हा तुम्ही स्वतःबद्दल बोलत होतात. तिला मात्र ऐकू आलं ते असं: तू कमी पडलीस. एकाहत्तराव्या वर्षी, सगळी मुलं मार्गी लागल्यावर, पोटच्या मुलीच्या तोंडून हे ऐकायची तिची तयारी नव्हती. कोणाची असेल?

तरीही "तुला स्वप्न पडलं असेल" हे ती चुकीचं बोलली. दुसऱ्याची आठवण अशी पुसून टाकायचा हक्क आईलाही नाही. तुम्हाला राग आला तो योग्यच होता, आणि मोठेपणा घेऊन तो लगेच गिळून टाका असं मी म्हणणार नाही. पण फोन करा. नुसता फोन. कबुलीसाठी नको.

कबुली हा कोर्टातला शब्द आहे. ज्याला कबूल करायला सांगतात तो आधी नाकारतो, ही रीतच आहे. आणि त्या दारामागच्या प्रसंगात आईची लाज तुमच्यापेक्षा जास्त होती, हे विसरू नका. तुम्ही खोटं बोललात. तिने आठ वर्षांच्या मुलीला बोलायला लावलं, आणि चवड्यांवर उभं राहून ते ऐकलं. मशीनवर जाऊन बसली म्हणता. जवळ घेतलं असतं तर ती रडली असती आणि मग तुम्हीही, आणि घरात अजून कापडं शिवायची होती. हा माझा अंदाज आहे, पण त्या बाईला मी तुमच्या पत्रातून एवढं तरी ओळखलं आहे.

म्हणून तिला मालकांबद्दल विचारू नका. ज्या गोष्टीत ती पटाईत होती तिच्याबद्दल विचारा. शिलाईचे पैसे बायका वेळेवर द्यायच्या का? नाही दिले तर तू मागायचीस कसे? उरलेल्या कापडाचं काय करायचीस? मशीन बिघडली तेव्हा काय केलंस? 'असं का केलंस' विचारलं की माणूस दार लावून घेतो, 'कसं निभावलंस' विचारलं की आत बोलावतो. एकदोनदा गप्पा अशा रंगल्या तर ती आपणहून त्या दारापर्यंत येईलही. न आली तर ओढू नका. घडलं ते घडलं. त्यावर तिची सही नसली तरी ते खोटं ठरत नाही. मी ते वाचलंय, माझा विश्वास बसलाय, आणि आता बरेच वाचकही ते वाचतील.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण अशा पत्रांवर हमखास येणारी प्रतिक्रिया मला माहीत आहे. "गरिबीनेच माणूस घडतो, आजच्या मुलांना सगळं आयतं मिळतं." हे म्हणणारे स्वतः तरून गेलेले असतात आणि न तरलेल्यांना ते कधी भेटलेले नसतात. तुम्ही घडलात त्याचं श्रेय तुमचं आणि आईचं आहे, थकलेल्या भाड्याचं नाही. असं कोणी बोललं तर वाद घालू नका, उठून जा.

आता मुलगा. खरं तर पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तीच आहे.

गरिबी तुमच्या घरातून गेली, पण ती गेल्याचं मुलाला कोणी सांगितलं? तुम्ही म्हणाल, त्याला दिसत नाही का, सगळं आहे ते! नाही दिसत. मुलं पासबुक वाचत नाहीत, चेहरे वाचतात. तुम्हीही आईच्या खात्यात किती आहेत ते बघून घाबरला नव्हतात, तिची पावलं बघून घाबरला होतात. तुमच्या मुलाने बघितलेलं असं आहे: आई साबणाचा तुकडा टाकत नाही, कंपासपेटी हरवली की रडकुंडीला येऊन बोलते, बेल वाजली की घर एकदम गप्प होतं. अकरा वर्षांच्या हुशार मुलाने यावरून जो निष्कर्ष काढायला हवा तोच त्याने काढला. चूक त्याच्या हिशेबात नाही, त्याला मिळालेले आकडे चुकीचे आहेत.

तुम्हाला वाटतं, आई काहीच बोलत नव्हती आणि मी निदान बोलते. थोडा कडू घोट आहे, पण घ्या: दोन्हींत मुलाच्या हाती सारखंच येतं. आई गप्प राहून म्हणायची 'विचारू नकोस', तुम्ही 'तुझ्या वयाची असताना मी' म्हणता, म्हणजेही तेच. लहानपणीची हलाखी तुम्ही त्याला गोष्ट म्हणून सांगितलेली नाही, बिल म्हणून दाखवली आहे. गोष्ट मुलं मागून मागून ऐकतात. बिल दिसलं की ती हात आखडता घेतात, आणि सहलीचा कागद दप्तराच्या तळाशी जातो.

तर आधी त्याला खरे आकडे द्या. एखाद्या निवांत संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन तिघं बसा. तिघं म्हणजे नवराही. तो हसतो म्हणता ना, त्याला कामाला लावा, पेन्सिल त्याच्या हातात द्या. महिन्याला घरात किती येतात, घरासाठी किती जातात, शाळेला किती, शिल्लक किती पडतात, अडीअडचणीला किती बाजूला आहेत. अगदी पै-पैचा हिशेब नको, पण फुगवून नको आणि चोरूनही नको. त्यात सहल, खेळ, वाढदिवस यांची एक ओळ असू द्या आणि ती त्याला बोटाने दाखवा. "हे तुझ्या सहलीचे. ते आहेत. तू मागितलेस म्हणून कशालाही कात्री लागत नाही." काही घरांत अजूनही मुलांसमोर पैशाचं बोलणं वावगं समजतात. मला ते कधीच पटलेलं नाही. ज्या घरात आकडा बोलला जात नाही, तिथे मुलं मनाने तो वाईटच धरतात.

तो विचारेल, "मग तू ओरडतेस का?" विचारायलाच हवं त्याने. त्यावर भाषण नको. "मला लहानपणची सवय आहे, ती सुटलेली नाही. तुझी चूक नव्हती तेवढी मी ओरडले." एवढंच म्हणा. त्या अर्ध्या तासाबद्दल माफी मागा आणि लगेच नवीन कंपासपेटी आणून ती झाकू नका. तीन कंपासपेट्या हरवणं हा वेंधळेपणा आहे, त्याचं जे काय करायचं ते इतर आया करतात तसं करा.

मग गोष्ट. सांगा, जरूर सांगा, पण घरमालकांपासून सुरुवात करू नका. गाडीपासून करा. "तुला एक गंमत माहितीये? मला गाडी लागत नाही." अख्ख्या शाळेला, बाईंना, मैत्रिणींना सातवीपर्यंत कसं फसवलं ते रंगवून सांगा. खिडकीजवळच्या जागेचं सांगा. तो हसेल, तुम्हीही हसाल. थोड्या वेळाने, किंवा चार दिवसांनी, तो विचारेल, "पण तू खरं का नाही सांगितलंस?" त्याला उत्तर माहीत असेल, कारण तो स्वतः तेच करून बसला आहे. तेव्हा मालकांची गोष्ट सांगायची की नाही, हे त्या वेळी त्याच्याकडे बघून ठरवा. सांगितलीत तर आजीला त्यात वाईट ठरवू नका, तिची पावलं मात्र जरूर सांगा. फक्त एक पथ्य पाळा: गोष्टीच्या शेवटी 'म्हणून तू' असं काही येऊ देऊ नका. 'म्हणून तू' आलं की त्या गोष्टीचं पुन्हा बिल होतं.

साबणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. चिकटवत राहा. मीही चिकटवते, आणि आमच्याकडे तर कधी काहीच कमी नव्हतं. काटकसर ही वेगळी गोष्ट आणि धास्ती वेगळी. चकती चिकटवताना तुम्ही गुणगुणत असाल तर ती काटकसर.

बेलचं मात्र मी तेवढं हलकं घेणार नाही. टीव्हीचा आवाज बंद करणं, भोकातून बघणं, हे तुम्ही विचार करून करत नाही. शरीराने लहानपणी शिकलेली गोष्ट शरीर करतं. बेल वाजल्यावर छाती धडधडत असेल, हातपाय गार पडत असतील, कोणी येऊन गेल्यावर बराच वेळ कामात लक्ष लागत नसेल, तर समुपदेशकाकडे जा. तुम्हाला वेड लागलंय म्हणून नाही. जिन्यातला आवाज थांबून कित्येक वर्षं झाली, हे अंगाला पटवून द्यायला कधीकधी तिसरं माणूस लागतं. नवऱ्याला हे पत्र वाचायला द्या. तो वाईट माणूस वाटत नाही, त्याला कोणी सांगितलेलं नाही इतकंच. दारामागची गोष्ट त्याला तरी माहीत आहे का? तुमच्या पत्रावरून मला वाटतं, नसावी. मग मुलाच्या आधी त्याला सांगा.

आणि घरात तिघं असताना बेल वाजली, तर तुम्ही उठू नका. टीव्ही चालू राहू द्या. मुलाला जाऊ द्या दार उघडायला. कुरिअरवाला असेल, शेजारची कोणी असेल. "आई आहे का घरात?" असं त्यांनी विचारलं आणि तो "आहे" म्हणाला, की तुम्ही आतून ओ द्या.

सहलीचं काम सगळ्यात सोपं आहे, ते उद्याच उरका. वर्गशिक्षकांना भेटून पुढची सहल कधी आहे विचारा. कागद यायची वाट बघू नका.

आईशी बोलणं झालं तर मला कळवा. ते पत्र मी छापणार नाही.